हाती आली ती भाषा

१९९८-९९च्या सुमाराला पुण्यात जो तो काहीतरी शिकत होता. टिळक रस्ता, कर्वे रस्ता, डेक्कन, कुठंही जा, दर दोन इमारतींमागं एका जिन्याशी कॉम्प्युटर क्लासची पाटी दिसायचीच. वायटूकेचा बोलबाला होता, त्यामुळे कोबोलला उतारवयात भाव आला होता आणि बीकॉम झालेली मुलंसुद्धा कोबोलची जाडजूड पुस्तकं काखोटीला मारून हिंडत होती. ज्याला कोबोल नको त्याच्यासाठी जावा, व्हिज्युअल बेसिक, ओरॅकल होतंच. फी किती, कोर्स किती महिन्यांचा आणि 'प्लेसमेंट' देता का, एवढे तीन प्रश्न विचारले की निवड आटोपली. लिस्प, स्कीम, एमएल, हॅस्केल ही नावं मात्र एकाही पाटीवर नव्हती. आमच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात फंक्शनल प्रोग्रामिंग होतं ते एका विषयाच्या शेवटच्या युनिटपुरतं. 'लिस्पची वैशिष्ट्ये लिहा' असा प्रश्न यायचा, आणि लिस्पचा एक कंसही कधी न पाहिलेली मुलं पाठ केलेलं उत्तर उतरवून पैकीच्या पैकी मार्क घेऊन जायची.

म्हणून हल्ली कुणी विचारलं, 'गंमत म्हणून एखादी फंक्शनल भाषा शिकावी म्हणतोय, कुठली घेऊ?', की मला आधी हेच आठवतं: आम्हाला हा प्रश्न कधी पडलाच नाही. भाषा निवडायची नसायची, ती सापडायची. सापडली ती आपली.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या भाषेतला प्रोग्रॅम म्हणजे हुकमांची यादी: अमक्या जागी पाच ठेव, आता त्यात एक मिळव, आता तो आकडा पुसून तिथं दुसरा लिही. फंक्शनल भाषेत 'क्ष' एकदा पाच म्हटला की शेवटपर्यंत पाच, शाळेतल्या बीजगणितात असतो तसा. पुसापुशी नाही. जुन्यावरून नवं काढत जायचं, आणि काढायची रीत हीसुद्धा एक वस्तूच समजून इकडून तिकडे द्यायची-घ्यायची. या विचाराचं मूळ १९३०च्या दशकातल्या अलोन्झो चर्च यांच्या लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये आहे, म्हणजे संगणक अवतरण्याच्या आधीचं. १९५८ साली एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी लिस्पचा घाट घातला, १९७०च्या दशकात एडिंबरोत रॉबिन मिल्नर यांच्या हाताखाली एमएल घडली. १९८७मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या परिषदेला जमलेल्या संशोधकांच्या लक्षात आलं की आपण सगळे थोड्याफार फरकानं एकच भाषा वेगवेगळ्या नावांनी करतोय. मग समिती नेमली आणि त्यातून हॅस्केल निघाली. तिचा पहिला अहवाल १ एप्रिल १९९०चा आहे. तारीख बघून हसू नका, भाषा खरी निघाली.

यातलं काहीही आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्याकडे यायची ती 'पीसीक्वेस्ट'बरोबरची सीडी. मासिक वाचायला थोडे आणि सीडीसाठी अख्खं होस्टेल, अशी स्थिती होती. त्या सीडीतून लिनक्स महाराष्ट्रात खोलीखोलीत पोचलं. रेड हॅटच्या सीडीवर शेकडो पॅकेजांची यादी असायची. एकेकाचं नाव वाचायचं, काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि टाकून बघायचं. त्यात एक 'यूएमबी-स्कीम' नावाचं पॅकेज होतं, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून आलेलं. सुरू केलं तर समोर नुसता कर्सर. ना मेन्यू, ना हेल्प. कंस उघडा, अधिक चिन्ह टाका, दोन आकडे टाका, कंस मिटवा, बेरीज हजर. अधिक चिन्ह आकड्यांच्या आधी का, हे सांगायला कुणी नव्हतं. इमॅक्समध्येही तेच. तो उघडला की 'स्क्रॅच' नावाची एक कोरी पाटी यायची, तिच्यात लिस्पचं वाक्य लिहून कंट्रोल-जे दाबलं की खालच्या ओळीत उत्तर उमटायचं. एडिटरच्या पोटात अख्खी भाषा दडलेली आहे हे कळल्यावर काही दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही.

जाता जाता एक सांगायलाच हवं. त्या काळी पुण्यात खरंखुरं पोटापाण्याचं लिस्प चालत होतं, फक्त ते कॉम्प्युटरवाल्यांकडे नव्हतं. ऑटोकॅडमध्ये १९८६पासून ऑटोलिस्प आहे. भोसरी-चिंचवडच्या ड्रॉइंग ऑफिसांत बसलेले ड्राफ्ट्समन फ्लँजची भोकं एका फटक्यात पाडायला किंवा शेकडो मापं एकदम बदलायला ऑटोलिस्पच्या छोट्या फाइली लिहीत आणि एकमेकांना फ्लॉपीवर देत. आमच्या ओळखीचे एक काका आयटीआय झालेले होते. कंसात कंस घालून ते जे सफाईनं लिहीत ते आमच्या विभागात कुणालाही जमलं नसतं. ते स्वतःला प्रोग्रॅमर म्हणवून घेत नसत.

पण माझ्या हाती लागलेली खरी चीज म्हणजे गोफर. ऑक्सफर्डमध्ये असताना मार्क जोन्स यांनी १९९१च्या सुमारास लिहिलेला हा हॅस्केलचा धाकटा भाऊ, एका फ्लॉपीत मावणारा, डॉसवर चालणारा. तेव्हाच्या नुसत्या पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात तो शिकवला जायचा. तिथं त्यात आपल्या सोयीचे फेरफार करून 'पुगोफर' अशी खास पुणेरी आवृत्तीही काढली होती. फ्लॉपी हातोहात फिरत आमच्यापर्यंत आली. तिच्यावर बॉलपेननं नुसतं 'गो' लिहिलेलं होतं.

गोफर सुरू केला की पडद्यावर एक प्रश्नचिन्ह यायचं आणि पुढं कर्सर लुकलुकायचा. विचारा, काय विचारायचंय? एकपासून अनंतापर्यंतच्या सगळ्या आकड्यांची यादी, असं लिहिलं की पठ्ठ्या खरोखरच छापायला लागायचा: एक, दोन, तीन, पडदा भरून वाहायला लागायचा, कंट्रोल-सी दाबेपर्यंत. मग महिरपी कंसात 'इंटरप्टेड' अशी नोंद करून पुन्हा प्रश्नचिन्ह. त्याच अनंत यादीतले पहिले दहा मागितले की मुकाट्यानं दहाच द्यायचा. अनंत यादी नुसती 'असू' शकते आणि तिच्यातलं हवं तेवढंच घेता येतं, हे टर्बो-सीच्या निळ्या पडद्यावर वाढलेल्या मुलाला पहिल्यांदा दिसतं तेव्हा नेमकं काय होतं ते लिहून सांगणं कठीण आहे. फिबोनाचीची मालिका तर त्याहून पुढची. पहिला शून्य, दुसरा एक, आणि पुढची मालिका म्हणजे हीच मालिका अधिक हीच मालिका पहिला आकडा गाळून. एका ओळीत संपलं. मालिका स्वतःच्याच खांद्यावर उभी राहून वाढतेय आणि कोसळत नाही!

गोफरची एक खोड मला आजच्या कुठल्याच साधनात सापडत नाही. प्रत्येक उत्तराखाली तो कंसात हिशेब द्यायचा: इतकी रिडक्शन्स, इतके सेल. म्हणजे उत्तर काढायला किती पायऱ्या घातल्या आणि किती जागा खाल्ली. हा हिशेब आमचा खेळ झाला. समजा शंभर आकड्यांची यादी उलटी करायची आहे. सुचणारी पहिली रीत अशी: डोक्यावरचा आकडा काढा, उरलेली यादी उलटी करा, काढलेला आकडा तिच्या शेवटाला चिकटवा. बरोबर उत्तर येतं. पण शेवटाला चिकटवायचं तर दरवेळी अख्खी यादी चालत जावं लागतं आणि हिशेबाचा आकडा हजारांत जातो. दुसरी रीत: एक रिकामी यादी बरोबर घ्या आणि मूळ यादीतला एकेक आकडा काढून तिच्या डोक्यावर ठेवत चला. संपली की झालीच उलटी. आता तोच आकडा शेकड्यांत. यावर पैजा लागायच्या, चहाच्या. आणि मग कुणीतरी उलट्या यादीतला फक्त पहिला आकडा मागायचं, आणि पहिल्या, उधळ्या रीतीचाही खर्च धाडकन उतरायचा. असं का? तर बाकीची चिकटवाचिकटव गोफरनं केलेलीच नसायची. कुणी मागितल्याशिवाय काम करायचं नाही हा त्याचा स्वभाव, आणि तो कुठल्याही पुस्तकाच्या आधी आम्हाला त्या कंसातल्या आकड्यांनी शिकवला.

पुस्तकांचं म्हणाल तर अप्पा बळवंत चौकात मागितल्यावर दुकानदार आधी 'कुठल्या वर्षाला आहे?' विचारायचे. कुठल्याच वर्षाला नाही म्हटलं की त्यांचा रस संपायचा. एबलसन आणि ससमन यांचं स्कीमवरचं साडेसहाशे पानी पुस्तक, ज्याच्या मुखपृष्ठावर जादूगार आहे, ते मी आधी पाहिलं झेरॉक्समध्ये. स्पायरल बायंडिंग, काही पानं तिरकी आलेली, जादूगाराचा नुसता काळा डाग झालेला. ही प्रत किती हातांतून आली होती देव जाणे. समासात तीन वेगवेगळ्या अक्षरांत उदाहरणं सोडवलेली होती. त्यातला एक जण दर उत्तरापुढं 'चूक असण्याची शक्यता' असं लिहायचा. पुढं हैदराबादच्या युनिव्हर्सिटीज प्रेसनं त्याची स्वस्त भारतीय आवृत्ती काढली, पण तोवर आमचं कॉलेज संपलं होतं.

इंटरनेट होतं. व्हीएसएनएलनं ते १५ ऑगस्ट १९९५ला आणलं होतं, पण घरी डायल-अप लावलं की फोन अडकायचा आणि 'बिल कोण भरणार आहे?' हा आवाज स्वयंपाकघरातून यायचा. म्हणून सायबर कॅफे. तिथं तासाचे पैसे मोजून वाचणं परवडायचं नाही. जमतील तेवढी पानं फ्लॉपीवर उतरवायची, घरी येऊन वाचायची. 'हॅस्केलची सौम्य ओळख' अशा अर्थाच्या नावाचं एक टिपण सगळीकडे मिळायचं. सौम्य वगैरे त्यात काहीही नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या विभागात मेंदूला घाम फुटायचा, आणि शंका विचारायची तर कुणाला? ईमेल लिहून उत्तराची वाट पाहायची किंवा स्वतःच डोकं आपटायचं. बहुतेक वेळा दुसरं. गुरुवारी वीज गेली की तीच पानं गच्चीत नेऊन कागदावर पायऱ्या करत बसायचो. आणि गंमत अशी की या भाषांचा प्रोग्रॅम कागदावर खरंच चालवता येतो. डावी बाजू पुसायची, उजवी लिहायची, एवढंच.

घरी बाबांचा आणि माझा झालेला संवाद लक्षात आहे.

"हे काय चाललंय?"

"हॅस्केल आहे बाबा."

"याचा कोर्स असतो?"

"नाही."

"परीक्षा?"

"नाही."

"मग नोकरी लागते याच्यावर?"

"तसंही काही नाही."

"बरं, चालू दे," म्हणून ते सकाळ वाचायला लागले. मला वाटतं, त्यांना निदान यात फी नाही याचं समाधान झालं असावं.

आता हेच सगळं भाच्याच्या बाबतीत काय झालं ते पाहा. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे, आणि त्याला 'सहज म्हणून' फंक्शनल भाषा शिकायची आहे. परवा आला तो लॅपटॉप उघडूनच.

"मामा, हॅस्केल घेऊ का ओकॅमल? ओकॅमलवाल्या एका ट्रेडिंग कंपनीचे पगार बघितलेस का? पण एलिक्सिर सोपी म्हणतात. क्लोजर पण चांगली आहे, फक्त ते कंस. आणि स्काला? एफ-शार्प? रॅकेट?"

"तुला पगार हवाय का गंमत?"

"दोन्ही जमलं तर बरं ना."

त्यानं तुलना करणारे व्हिडिओ पाहिले होते, तक्ते पाहिले होते, कुठल्या भाषेचा भाव चढतोय आणि कुठलीचा उतरतोय त्याचे आलेख पाहिले होते. प्रत्येकीचा लोगो त्याला ओळखता येत होता. एकीतही त्यानं अजून यादी उलटी केली नव्हती. आणि दोष त्याचा नाही. आमच्यासमोर एक फ्लॉपी होती, त्याच्यासमोर अख्खा बाजार आहे. मार्टिन ओडर्स्की यांची स्काला २००४च्या आसपासची, रिच हिकी यांची क्लोजर २००७ची, त्यानंतर एल्म, एलिक्सिर. दर चार-दोन वर्षांनी नवी आणि प्रत्येक चांगलीच. या सगळ्या फुकट आहेत, सगळ्यांची पुस्तकं फुकट आहेत. एबलसन-ससमनचं ते पुस्तक संपूर्ण जालावर आहे, १९८६ साली ह्यूलेट-पॅकार्डच्या लोकांपुढं त्यांनी दिलेली व्याख्यानं आहेत, आणि २०२२मध्ये त्याच पुस्तकाची जावास्क्रिप्टमधली आवृत्तीही निघाली. आम्ही ज्यासाठी तिरक्या झेरॉक्सवर डोळे फोडले ते आज फोनवर सरळ दिसतं.

शिकण्याच्या सोयी खरंच वाढल्या आहेत, यात मला काडीची शंका नाही. एकट्या चुकांच्या संदेशांचं उदाहरण घ्या. हग्ज, म्हणजे गोफरचा वारस, चूक झाली की 'टाइप एरर' असं खेकसून खाली तीन-चार ओळींत दोन प्रकार मांडायचा आणि ते जुळत नाहीत असं सांगून गप्प बसायचा. का जुळत नाहीत, ते तुम्ही बघा. एल्मनं सरळ माणसासारखं बोलायला सुरुवात केली: तुम्ही इथं हे दिलंय, मला ते हवं होतं, कदाचित तुम्हाला असं म्हणायचं असेल. पुढं रस्टसारख्या भाषांनी तोच कित्ता गिरवला. भाच्याला हे नैसर्गिक वाटतं. कंपायलर अंगावर ओरडायचा असं सांगितलं तर तो आजोबांच्या गोष्टी ऐकल्यासारखा हसतो.

एक बदल मात्र सोयीगैरसोयीच्या पलीकडचा आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा ही सगळी विद्या विचित्र होती. बाहेरच्या जगात तिचा मागमूस नव्हता आणि त्यातच तिचं आकर्षण होतं. आज ती सगळीकडे मुरली आहे, फक्त नाव न सांगता. जावात जेनेरिक्स आले ते आणण्यात हॅस्केलवाले फिलिप वॉडलर आणि ओडर्स्की यांचा हात होता. २०१४च्या आठव्या आवृत्तीत लॅम्डाही आले. म्हणजे वायटूकेच्या वेळी क्लासमध्ये जावा शिकलेली मुलं मॅनेजर होईपर्यंत त्यांच्या जावानं हळूच कूस बदलली. जावास्क्रिप्टमध्ये मॅप आणि फिल्टर शिकल्याशिवाय आज इंटर्नशिपही मिळत नाही. एक्सेलचा फॉर्म्युला तर पहिल्यापासूनच असा आहे: एका घरात दुसऱ्या घरांवरून काढलेली किंमत, पुसापुशी नाही. डिसेंबर २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सेलमध्ये चक्क लॅम्डा आणल्याचं जाहीर केलं, त्यामुळे आता आमच्या सोसायटीचे खजिनदार मेंटेनन्सच्या शीटमध्ये चर्च यांचं कॅल्क्युलस वापरू शकतात. अजून वापरत नाहीत, पण शकतात.

अर्लांग या फंक्शनल भाषेची गोष्ट तर सिनेमाला शोभेल अशी आहे. एरिक्सनमध्ये १९८६च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी ती बनवायला घेतली. १९९८मध्ये कंपनीच्याच एका विभागानं नव्या कामांत ती वापरायला बंदी घातली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती सगळ्यांसाठी खुली झाली. म्हणजे आम्ही गोफरची फ्लॉपी फिरवत होतो त्या सुमारास ती भाषा घराबाहेर काढली गेली होती. पुढं तिच्यावर व्हॉट्सअ‍ॅप उभं राहिलं आणि २०१४मध्ये फेसबुकनं सुमारे १९ अब्ज डॉलरचा सौदा केला. तुमच्या घरच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांसकट येणारं 'शुभ प्रभात' अर्लांगच्या खांद्यावरून येतं. बाबा असते तर त्यांना सांगितलं असतं की लागते, नोकरी लागते.

भाच्याला यातलं काहीच भावलं नाही. पण तो फोर्टनाइट खेळतो. त्याला सांगितलं की हॅस्केलच्या मुख्य शिल्पकारांपैकी सायमन पेटन जोन्स हे आता फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्समध्ये आहेत आणि २०२३पासून त्या खेळात स्वतःची बेटं बनवायला जी 'व्हर्स' भाषा मिळते तिच्या पायाशी हीच विद्या आहे, तेव्हा मात्र तो खुर्चीत सरळ झाला.

मग त्यानं तो प्रश्न काढला जो आमच्या वेळी असणंच शक्य नव्हतं. "पण मामा, एआय सगळं लिहूनच देतं. मी हॅस्केल शिकून करू काय?" मी त्याला म्हटलं, अरे, कामाचा कोड दुसरं कुणी लिहून देत असेल तर उत्तमच. आम्हाला गोफरच्या कुठल्याही प्रोग्रॅमचे कधी कुणी दहा पैसे दिले नव्हते. यादी उलटी करण्याच्या पैजेत यादी उलटी झाली याचं महत्त्व कुणाला होतं? रिडक्शन्स कमी का झाली, हे कळल्याचा चहा होता तो. उत्तर मागून घेतलं तर चहा कुणी पाजायचा? त्यावर तो म्हणाला, "एआय रिडक्शन्स पण मोजून देईल." देईलही. पुढच्या पिढीशी वाद घालताना कुठं थांबावं ते मला कळायला लागलं आहे.

मला जुने दिवस परत नकोत. फ्लॉपी ऐनवेळी खराब निघायची, संपूर्ण रात्र एका अडलेल्या ठिकाणी जायची, आणि सायबर कॅफेच्या अर्ध्या तासात एखादं पान उतरायचं राहून गेलं की पुढचे आठ दिवस त्याच पानाचा विचार. त्या टंचाईत थोर काही नव्हतं. अडून राहिलेली आणि सोडून दिलेली माझ्याच वर्गातली मुलं आठवतात. शंकेचं उत्तर वेळेत मिळालं असतं तर त्यातले निम्मे तरी टिकले असते. पण टंचाईनं एक काम नकळत चोख केलं होतं. निवड आधीच झालेली होती, त्यामुळे सगळा वेळ शिकण्यात जायचा. आज सगळा वेळ निवडण्यात जातो. आणि निवडीची फुटपट्टी म्हणजे नोकरी, लोकप्रियता, पगार, जी तीन प्रश्नांच्या क्लासवाल्या फुटपट्टीपेक्षा फारशी निराळी नाही. गमतीसाठी शिकायचं आणि बाजारभाव बघून निवडायचं, हे दोन्ही एकाच वेळी चालू आहे, तिथंच गाडं अडतं.

तेव्हा भाच्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो. मतं माझी आहेत, भांडायला मोकळीक आहे. घरात दहावी-अकरावीचं मूल असेल आणि त्याला पहिल्यांदाच प्रोग्रामिंग दाखवायचं असेल तर रॅकेट घ्या. ती एबलसन-ससमनच्या स्कीमच्याच घराण्यातली आहे, आणि शिकणाऱ्यांचा विचार करून बनवलेली आहे. भूमितीच्या पेपरात पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे चार मथळे घालून उत्तर लिहिताना ज्यांना मनापासून मजा यायची, त्यांनी लीन बघावी. तीही फंक्शनल भाषाच, पण तिच्यात गणिताच्या सिद्धता लिहितात आणि एक पायरीही गाळू देत नाही. 'नॅचरल नंबर गेम' म्हणून तिचा एक खेळ ब्राउझरमध्येच चालतो, काही टाकावं लागत नाही. दोन अधिक दोन चार हे सिद्ध करताना एरवी कधी न फुटलेला घाम फुटतो. ओकॅमल, स्काला, एफ-शार्प या तिन्ही उत्तम आहेत, पण त्यांच्यात मागचं दार उघडं असतं. अडलं की माणूस हळूच जुन्या सवयीनं पुसापुशी करायला जातो.

आणि दिवसभर जावा-पायथॉन लिहून जो कंटाळलाय त्यानं फार विचार न करता हॅस्केल घ्यावी. तिच्यात ते मागचं दार सहजासहजी सापडत नाही, अनंत याद्या अजून तशाच आहेत, आणि तिचं आजचं साधन काही गिगाबाइट जागा खातं याकडे दुर्लक्ष करावं. एका संध्याकाळी ते टाकून घ्या, तुलनेचे व्हिडिओ बंद करा आणि दिवाळीपर्यंत दुसऱ्या भाषेचं नाव काढू नका. शिकवायला कुणी नाही ही सबब आता चालणार नाही: चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांचा हॅस्केलवरचा अख्खा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर आहे, आणि त्याची व्याख्यानं फुकट बघता येतात.